व्यक्तिमत्त्वाचे प्रकार: उगम कुठला, विज्ञान किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) ही व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली, चार अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या सोळा प्रकारांपैकी एक मिळाला, वर्णन वाचून ‘हा तर मीच’ असं वाटलं, आणि मग कुणीतरी सांगितलं की हे सगळं थोतांड आहे. बहुतेकांचे प्रश्न इथूनच सुरू होतात. दोन्ही बाजूंनी आवाज चढवून बोलणारे भरपूर आहेत, म्हणून माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. माणसामाणसांतले स्वभावाचे फरक खरे आहेत आणि बऱ्यापैकी मोजताही येतात. भांडण आहे ते त्या फरकांचे कप्पे पाडण्याबद्दल.

व्यक्तिमत्त्वाचा ‘प्रकार’ आणि ‘गुणविशेष’ यांत फरक काय?

रक्तगट आणि उंची, ही दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं. रक्तगट हा प्रकार आहे. ए, बी, एबी किंवा ओ; ‘जरासा ए कडे झुकलेला’ असा गट नसतो. उंचीचं तसं नाही. तिथे सेंटीमीटरमागून सेंटीमीटर माणसं उभी असतात आणि सगळ्यांत जास्त गर्दी मध्यावर असते. ‘उंच’ आणि ‘बुटका’ हे शब्द आपण सोयीसाठी वापरतो, पण म्हणून मानवजातीत उंच आणि बुटके असे दोन वेगळे वर्ग आहेत असं कुणी म्हणत नाही.

प्रकारांचा सिद्धांत म्हणतो की स्वभाव रक्तगटासारखा आहे. गुणविशेषांचा सिद्धांत म्हणतो की तो उंचीसारखा आहे. गेल्या शतकभरातल्या संशोधनाचा कौल बहुतांशी उंचीच्या बाजूने आहे.

ही कल्पना किती जुनी आहे?

प्राचीन ग्रीक वैद्यकाइतकी. हिपॉक्रेटिसच्या परंपरेत शरीरात चार द्रव मानले जात: रक्त, पिवळं पित्त, काळं पित्त आणि कफ. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने त्यावर स्वभावांची मांडणी केली. रक्त जास्त असलेला उत्साही, पिवळं पित्त जास्त असलेला तापट, काळं पित्त जास्त असलेला खिन्न, कफ जास्त असलेला थंड. मराठीतही रागावलेल्या माणसाचं पित्तच खवळतं. शरीरातल्या द्रवांवरून स्वभाव सांगायची सवय एकट्या ग्रीकांची नव्हती.

द्रवांचं शास्त्र मोडीत निघालं तरी चार स्वभाव मात्र टिकून राहिले. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८ च्या आपल्या मानववंशविषयक ग्रंथात त्यांची चर्चा केली. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हने कुत्र्यांच्या मज्जासंस्थेचे प्रकार सांगितले, तेही याच चौकडीशी जोडून. पण खरी उलथापालथ विल्हेल्म वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केली आणि ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. तो म्हणाला की हे चार स्वभाव म्हणजे दोन मोजपट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवल्या की पडणारे चार कोपरे आहेत. भावना किती तीव्र असतात ही एक पट्टी, आणि त्या किती झपाट्याने बदलतात ही दुसरी. चार कप्पे गेले आणि दोन अक्ष आले. पुढे हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने हीच वाट धरली, फक्त त्याने अक्षांची नावं बदलून बहिर्मुखता आणि भावनिक अस्थैर्य अशी केली. म्हणजे प्रकार मोडून अक्ष करण्याचा उद्योग चार अक्षरी चाचण्या जन्मायच्या आधीच सुरू झाला होता.

कार्ल युंगने आपले प्रकार कशावरून काढले?

सोळा प्रकारांचं मूळ युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या मांडणीत आहे. त्याने ती काढली थोडं रुग्णांवरून, थोडं ग्रंथांवरून आणि थोडं एका भांडणावरून. फ्रॉइड आणि ॲडलर हे दोन मनोविश्लेषक एकाच दुखण्याचं कारण अगदी वेगवेगळं सांगतात, आणि दोघांचंही पटतं, हे युंगला खटकत होतं. त्याने काढलेला निष्कर्ष असा की फरक रुग्णांत नसून पाहणाऱ्यांत आहे. एकाचं लक्ष बाहेरच्या वस्तूकडे, दुसऱ्याचं आतल्या ‘मी’कडे. १९१३ साली म्युनिकच्या मनोविश्लेषण परिषदेत त्याने या विषयावर व्याख्यान दिलं. फ्रॉइडशी त्याची तीच शेवटची भेट ठरली.

प्रकारांवरचा त्याचा मूळ जर्मन ग्रंथ १९२१ साली आला. त्यात दोन वृत्ती आहेत, अंतर्मुख आणि बहिर्मुख, आणि चार मनोव्यापार: विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा (आतून येणारी जाण). दोन गुणिले चार म्हणजे आठ प्रकार. गंमत अशी की लोक ज्यासाठी हा ग्रंथ उघडतात ते प्रकारांचं वर्णन थेट दहाव्या प्रकरणात येतं. त्याआधीची शेकडो पानं शिलर, नीत्शे, विल्यम जेम्स यांच्यावर खर्ची पडली आहेत. आकडेवारी नाही, नियंत्रण गट नाही, मोजमाप नाही. याच युंगने त्याआधी झुरिकच्या रुग्णालयात शब्दसाहचर्याचे (एक शब्द ऐकून दुसरा कोणता सुचतो, याचे) प्रयोग करताना घड्याळ लावून सेकंद मोजले होते. म्हणजे मोजता येत नव्हतं अशातला भाग नाही. या ग्रंथात त्याला मोजायचं नव्हतं.

स्वतः युंगला माणसांना लेबलं लावायची होती का?

नाही, आणि हे त्याने आडून नाही, स्पष्ट सांगितलं आहे. ग्रंथाच्या अर्जेंटिनातल्या आवृत्तीला १९३४ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने माणसांची अशी वर्गवारी म्हणजे निव्वळ पोरखेळ असल्याचं म्हटलं. १९२३ च्या एका व्याख्यानात त्याने अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्याखेरीज एक तिसरा गट सांगितला, ज्याची प्रेरणा आतून येते की बाहेरून हे सांगता येत नाही, आणि हाच गट संख्येने सर्वांत मोठा आहे असंही नमूद केलं. पुढे त्याच्या नावावर ज्या चाचण्या निघाल्या, त्यांत नेमक्या या सर्वांत मोठ्या गटालाच जागा उरली नाही.

मग सोळा प्रकार कुणी केले?

कॅथरीन कुक ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. लेकीने पसंत केलेला मुलगा, क्लॅरेन्स मायर्स, घरातल्या सगळ्यांपेक्षा फार वेगळ्या घडणीचा निघाला आणि त्या कुतूहलातून कॅथरीनबाई स्वभावांच्या वाचनाकडे वळल्या, असं सांगितलं जातं. त्यांनी स्वतःची चार प्रकारांची एक मांडणी तयारही केली होती. १९२३ साली युंगच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर हाती पडलं आणि ती बाजूला ठेवून त्या युंगकडे वळल्या.

प्रश्नावली मात्र इझाबेलची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, तिने प्रश्न लिहायला घेतले. माणसाला स्वभावाला साजेसं काम मिळावं, हा तिचा हेतू होता. राज्यशास्त्राची पदवीधर आणि रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवलेली ही बाई संख्याशास्त्र स्वतःच्या हिमतीवर शिकली. आधी नातेवाईक आणि ओळखीचे, मग शाळकरी मुलं, आणि पुढे पाच हजारांहून जास्त वैद्यकीय विद्यार्थी, अशा सगळ्यांकडून तिने ही प्रश्नावली भरून घेतली. १९६२ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या अमेरिकेतल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ती केवळ संशोधनासाठी प्रकाशित केली. १९७५ मध्ये ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि तिथून एमबीटीआय या नावाचा खरा प्रसार झाला.

दोघींकडे मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं. तेवढ्यावरून चाचणी बाद होत नाही का?

नाही होत. हा मुद्दा टीकाकार हौसेने काढतात आणि मला तो नेहमीच हलका वाटत आला आहे. चाचणी कुणी लिहिली यावरून तिची किंमत ठरत नाही. ती मोजते काय आणि किती स्थिरपणे, यावरून ठरते. टीका करायला तिथे जागा पुष्कळ आहे.

चार अक्षरांचा अर्थ काय?

पहिलं अक्षर बहिर्मुख की अंतर्मुख. दुसरं, माहिती घेताना प्रत्यक्ष तपशिलावर भर की अंतःप्रज्ञेवर. तिसरं, निर्णय विचाराने की भावनेने. चौथं, आयुष्य आखून-ठरवून जगणं आवडतं की वाटा मोकळ्या ठेवणं. चार जोड्या, प्रत्येकीतून एक निवड, म्हणून सोळा. चौथी जोडी युंगच्या मांडणीत स्वतंत्रपणे नव्हती, ती मायलेकींनी घातली. अक्षरं क्षमता दाखवत नाहीत, कल दाखवतात, असं चाचणीचे कर्ते सांगतात. तिसरं अक्षर भावनेचं आलं म्हणून विचारशक्ती कमी ठरत नाही.

चाचणीत नेमकं काय खटकतं?

रेघ. एखाद्या जोडीवर हजारो माणसांचे गुण मांडले आणि खरोखरच दोन जातीची माणसं असती, तर आलेखात उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे दिसायला हवेत, मध्ये खळगा. प्रत्यक्षात एकच उंचवटा दिसतो, आणि तोही मध्यावर. चाचणी त्या उंचवट्याच्या माथ्यावरच सुरी चालवते. परिणाम असा की रेघेच्या अलीकडे-पलीकडे जेमतेम एका गुणाच्या फरकाने बसलेली दोन माणसं विरुद्ध अक्षरं घेऊन घरी जातात, आणि रेघेजवळचा एक व टोकाचा दुसरा असे दोघे एकच अक्षर मिरवतात.

ही रेघ निसर्गाने आखलेली नाही याचा एक जुना पुरावा चाचणीतच आहे. तिच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये विचार-भावना या जोडीवर पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या उत्तरांना वेगवेगळी वजनं दिली जात. म्हणजे तीच उत्तरं देऊन पुरुषाला एक अक्षर आणि स्त्रीला दुसरं मिळू शकत होतं. रक्तगटाच्या बाबतीत असं काही करावं लागत नाही.

दुसरं दुखणं यातूनच येतं. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर चारपैकी एखादं तरी अक्षर बदललेलं आढळणं अगदी सामान्य आहे. काही अभ्यासांत पाच आठवड्यांच्या अंतराने निम्म्याच्या आसपास लोकांचा प्रकार बदलला. यात चमत्कार नाही, साधा गुणाकार आहे. समजा प्रत्येक अक्षर पुन्हा तसंच येण्याची शक्यता ८५ टक्के आहे, जी वाईट म्हणता येणार नाही. चारही अक्षरं तशीच येण्याची शक्यता मग ०.८५ चार वेळा गुणून मिळेल, म्हणजे सुमारे ५२ टक्के. प्रत्येक अक्षराची शक्यता ९० टक्के धरली तरी एकूण आकडा ६६ टक्क्यांच्या खालीच राहतो. गुणांकडे पाहिलं तर माणूस फारसा हललेला नसतो. हललेलं असतं ते लेबल.

माझं स्वतःचं तिसरं अक्षर दोनदा फिरलं आहे. स्वभाव फिरल्याचं घरच्यांच्या तरी लक्षात आलेलं नाही.

तरी वर्णन इतकं तंतोतंत कसं जुळतं?

१९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी भरून घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाला ‘तुमचं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. ते किती अचूक आहे याला ० ते ५ पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली सुमारे ४.३. मग त्याने उलगडा केला: सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं ज्योतिषाच्या एका स्वस्त पुस्तकातून उचललेली होती. ‘लोकांनी आपल्याला पसंत करावं असं तुम्हाला वाटतं, पण स्वतःबद्दल तुम्ही कठोर असता’ अशा धर्तीची. हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने या प्रकाराला सर्कसवाल्या बार्नमचं नाव दिलं.

मात्र ‘सगळा बार्नम परिणाम आहे’ असं म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. तुम्ही प्रश्नावलीत साठ वेळा सांगितलंत की मला गर्दी नको वाटते, आणि निकालात आलं की तुम्हाला गर्दी नको वाटते. ते जुळणारच! त्यात खोटं काही नाही, नवीनही काही नाही. जुळण्याचा आनंद तरीही होतो, कारण आपणच विस्कळीतपणे सांगितलेलं कुणीतरी नीट ओळीत मांडून, वर जरा कौतुक घालून परत दिलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ मग काय वापरतात?

बहुतेक जण पाच घटकांची मांडणी, म्हणजे ‘बिग फाइव्ह’. तिची सुरुवात शब्दकोशात आहे. तर्क असा: माणसाच्या स्वभावातला जो फरक खरोखर महत्त्वाचा असेल, त्याला भाषेने कधीतरी शब्द दिलाच असेल. फ्रान्सिस गाल्टनने १८८४ मध्ये असे हजारभर शब्द असावेत असा अंदाज बांधला. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून १७,९५३ शब्द काढले. त्यांतले साडेचार हजारांच्या आसपास टिकाऊ गुणांचे होते. रेमंड कॅटेलने ते गटवार आवळत सोळा घटकांपर्यंत आणले (हे सोळा आणि एमबीटीआयचे सोळा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, गल्लत मात्र नेहमी होते). १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना ट्यूप्स आणि ख्रिस्टल यांना वेगवेगळ्या माहितीसंचांत पुन्हा पुन्हा पाचच घटक दिसले. त्यांचा अहवाल लष्करी कागदपत्रांत पडून राहिला. ‘बिग फाइव्ह’ हे नाव लुईस गोल्डबर्गने १९८१ साली वापरलं.

ते पाच असे: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि अनुभवांबद्दलचा खुलेपणा. इथे अक्षर मिळत नाही, प्रत्येक पट्टीवर एक जागा मिळते. गप्पांमध्ये ते कमी रंगतं, हे कबूल. ‘मी कर्तव्यदक्षतेत शंभरातल्या बासष्टाव्या जागी आहे’ असं कुणी ओळख करून देताना सांगत नाही.

या दोन मांडण्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

आहे आणि तो बराच घट्ट आहे. मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दोन्ही चाचण्या त्याच लोकांना देऊन पाहिल्या. एमबीटीआयची पहिली जोडी बहिर्मुखतेशी सुमारे ०.७ इतक्या सहसंबंधाने (१ म्हणजे पूर्ण जुळणी) जुळली, दुसरी जोडी खुलेपणाशी जवळपास तेवढीच. तिसरी सौहार्दाशी आणि चौथी कर्तव्यदक्षतेशी मध्यम प्रमाणात जुळली. म्हणजे मायलेकी हवेत बाण मारत नव्हत्या. पाचांपैकी चार घटकांच्या आसपास त्या पोहोचल्या होत्या. रेघ न ओढता नुसते गुण पाहिले तर त्यांची चाचणी बरीच बरी ठरते.

पाचवा घटक, भावनिक अस्थैर्य, तिच्यात नाही. चिंता, चिडचिड, मन लगेच खचणं हे सगळं त्यात येतं आणि मानसिक आरोग्याशी सर्वांत जवळचं नातं याच घटकाचं आहे. तो वगळल्यामुळे सोळाही प्रकार गोड वाचायला मिळतात, कुणालाच वाईट बातमी मिळत नाही. चाचणीच्या लोकप्रियतेत या गाळलेल्या जागेचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. आंतरजालावरच्या काही फुकट चाचण्या चार अक्षरांपुढे पाचवं अक्षर लावून ही उणीव गुपचूप भरून काढतात. अशा वेळी बाहेरून प्रकार आणि आतून बिग फाइव्ह असा तो मामला असतो.

बिग फाइव्ह तरी निर्विवाद आहे का?

नाही. तो मुळात वर्णनाचा नकाशा आहे, कारणांचा नाही. शब्द एकत्र का येतात, हे तो सांगत नाही. माहिती बहुतेक वेळा माणसाने स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावलीतून येते आणि स्वतःबद्दल आपण सगळेच थोडे उदार असतो. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती व शिकार करून जगणाऱ्या समाजात २०१३ च्या अभ्यासात पाच घटक नीट सापडलेच नाहीत. तिथली उत्तरं दोन घटकांभोवती जमली, एक समाजाभिमुखतेचा आणि दुसरा उद्यमशीलतेचा. काही संशोधक प्रामाणिकपणा-नम्रता हा सहावा घटकही मानतात. एवढं असूनही पट्ट्या आणि कप्पे यांत निवडायचं झालं, तर पट्ट्यांच्या बाजूचा पुरावा कितीतरी भारी आहे.

प्रकार नसतातच, हे सिद्ध झालं आहे?

‘नसतातच’ असं कुठलंही विज्ञान सहसा म्हणत नाही. एखादा मानसिक गुण कप्प्यांत विभागलेला आहे की सलग, हे तपासायच्या गणिती पद्धती वर आलेल्या त्याच पॉल मीलने विकसित केल्या. सर्वसाधारण व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत त्या पद्धती लावल्या की बहुतेक वेळा उत्तर ‘सलग’ असंच येतं.

अपवादाच्या जवळ जाणारं एक उदाहरण आहे. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञाने चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, वास, खेळणी दाखवून पाहिलं. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडत जोरात रडली, सुमारे ४० टक्के शांत राहिली. पहिल्या गटातली मुलं पुढे बुजरी निघण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि हे खरे प्रकार आहेत असं केगनचं मत होतं. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ते थोडेफार असे. पण थोडेफारच, त्या गटातली सगळी मुलं काही बुजरी झाली नाहीत.

२०१८ मध्ये १५ लाखांहून जास्त लोकांच्या बिग फाइव्ह उत्तरांवर एक अभ्यास झाला आणि ‘शास्त्रज्ञांना चार प्रकार सापडले’ अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. मूळ निष्कर्ष बराच सौम्य होता: सलग पसरलेल्या गर्दीत चार ठिकाणी अपेक्षेपेक्षा जरा दाट जमाव दिसतो. त्या जमावांभोवती कुंपण नाही आणि असंख्य माणसं त्यांच्यापैकी कशातच बसत नाहीत.

चाचणी चुकीची असेल, पण मनोव्यापारांचा सिद्धांत खरा आहे ना?

हा बचाव अभ्यासू चाहते करतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्यांच्या मते अक्षरं ही फक्त किल्ली आहे. खरा माल म्हणजे आतली उतरंड. प्रत्येक प्रकारात एक प्रमुख मनोव्यापार, एक साहाय्यक, एक तिसरा आणि एक दुबळा, आणि त्यांची तोंडं आलटून पालटून आत किंवा बाहेर.

आता आयएनएफजे आणि आयएनएफपी घ्या. दोघेही अंतर्मुख, अंतःप्रज्ञेवर आणि भावनेवर भर देणारे. फरक शेवटच्या एका अक्षराचा: जे म्हणजे आखून जगणारा, पी म्हणजे वाटा मोकळ्या ठेवणारा. पण उतरंडीच्या हिशेबाने पहिल्याचा प्रमुख व्यापार अंतर्मुख अंतःप्रज्ञा आणि दुसऱ्याचा अंतर्मुख भावना. पुढचे तीनही व्यापार वेगळे, एकही समान नाही. म्हणजे जो माणूस चौथ्या जोडीवर अगदी मध्यावर आहे, त्याने एका प्रश्नाचं उत्तर बदललं की त्याच्या मनाची सगळी यंत्रणा आरपार बदलली असं मानावं लागतं. प्रत्यक्षात अशी दोन माणसं एकमेकांसारखीच वागताना दिसतात. उतरंडीमुळे वागण्याबद्दल असं काही कळतं का, जे चार सुट्या गुणांवरून कळत नाही? असा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. सिद्धांत देखणा आहे, यात वाद नाही.

एनिअग्राम, डिस्क, सोशिऑनिक्स, रक्तगटावरून स्वभाव, ‘टाइप ए’ यांचं काय?

भराभर सांगतो. एनिअग्रामचे नऊ प्रकार ऑस्कर इचाझो आणि क्लॉडिओ नारान्हो यांच्या शिकवणीतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरले; मूळ प्रेरणा आध्यात्मिक, प्रायोगिक आधार तोकडा. डिस्क या चाचणीचं मूळ विल्यम मार्स्टनच्या १९२८ च्या ग्रंथात. हाच माणूस रक्तदाबावरून खोटं पकडायच्या प्रयोगांत होता आणि ‘वंडर वुमन’चा जनकही हाच. सोशिऑनिक्स ही युंगच्या प्रकारांची लिथुआनियात १९७० च्या दशकात वाढलेली शाखा, तिचाही प्रायोगिक पाया कच्चा. रक्तगटावरून स्वभाव सांगण्याची जपानी कल्पना १९२७ सालची; मोठ्या पाहण्यांत तिला आधार मिळालेला नाही. ‘टाइप ए’ दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात मांडला. घाईखोर माणसाला हृदयविकार जास्त, हे पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. त्यातला सततचा वैरभाव मात्र काही अंशी धोक्याचा ठरला. या विषयावरच्या बऱ्याच संशोधनाला तंबाखू उद्योगाने पैसा पुरवला होता. दोष सिगारेटपेक्षा स्वभावावर गेला तर त्यांना हवंच होतं.

अंतर्मुख-बहिर्मुख हा फरक तरी खरा ना?

खरा, आणि सर्वांत भक्कमही. जवळपास प्रत्येक मांडणीत तो सापडतो. आयझेंकने १९६७ मध्ये त्याला मेंदूचं स्पष्टीकरण दिलं: अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून त्यांना बाहेरचा गोंगाट लवकर पुरे होतो. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून कुणाला जास्त लाळ सुटते, हेही मोजून झालं. अंतर्मुखांना जास्त सुटल्याचं काही प्रयोगांत दिसलं. पुढचा पुरावा संमिश्र आहे. आज भर जास्त करून बक्षिसाच्या ओढीवर दिला जातो: बहिर्मुख माणसाला माणसं, संधी, कौतुक यांचा मोह अधिक. दोन्ही वर्णनांत ‘अधिक’ आणि ‘कमी’ आहे, ‘हे’ आणि ‘ते’ नाही. शुद्ध अंतर्मुख किंवा शुद्ध बहिर्मुख माणूस वेड्यांच्या इस्पितळातच सापडेल, असं युंगही उतारवयात एका मुलाखतीत म्हणाला होता.

स्वभाव बदलतो का?

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण अर्धीच खरी आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्वभावातल्या फरकांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. (हा आकडा लोकसमूहातल्या फरकांबद्दल आहे. ‘माझा निम्मा स्वभाव आईवडलांकडून’ असा त्याचा अर्थ होत नाही.) दुसरीकडे, तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासांचं २००६ मध्ये एकत्रित विश्लेषण झालं, तेव्हा विशी ते चाळिशीच्या काळात सरासरीने कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य वाढताना दिसलं. बदल सावकाश होतो. दहा मित्रांत जो सर्वांत बोलका होता, तो म्हातारपणीही बहुधा त्यातल्या त्यात बोलका असतो, फक्त सगळेच जरा निवळलेले असतात.

नोकरीवर घेताना प्रकार पाहावा का?

नाही. हे टीकाकारांचं एकट्याचं मत नाही. एमबीटीआयची अधिकृत संस्थाच उमेदवार गाळण्यासाठी ती वापरणं अनैतिक मानते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९९१ मध्ये असा निष्कर्ष काढला होता की करिअर मार्गदर्शनात ही चाचणी वापरण्याचं समर्थन होईल इतकं नीट आखलेलं संशोधन उपलब्ध नाही. याउलट बॅरिक आणि माउंट यांच्या त्याच वर्षीच्या विश्लेषणात कर्तव्यदक्षतेचा गुण सगळ्या प्रकारच्या कामांत कामगिरीशी जोडलेला दिसला. तो संबंधही माफकच आहे, हे सांगायला हवं. प्रश्नावलीवरून चांगला कामगार हमखास ओळखता येतो असं सांगणारा माणूस बहुधा प्रश्नावली विकत असतो.

कुठल्या प्रकाराचं कुणाशी जमतं?

जोड्यांचे तक्ते भरपूर फिरतात, पुरावा त्यांच्यामागे नाही. नात्यातल्या समाधानाशी सातत्याने जोडला गेलेला गुण म्हणजे भावनिक अस्थैर्य, तेही उलट्या दिशेने, आणि तो चार अक्षरांत नाहीच.

मग चाचणी द्यावी की नाही? आणि माझा ‘खरा’ प्रकार कसा ओळखू?

मजा म्हणून खुशाल द्या. ‘मला निर्णयाआधी एकट्याने विचार करायला वेळ लागतो’ हे वाक्य सहकाऱ्याला सांगायची हिंमत एखाद्याला या अक्षरांमुळे आली, तर तेवढा उपयोग खरा आहे. फक्त त्या वाक्यासाठी सोळा कप्पे लागत नाहीत.

खरा प्रकार शोधायच्या फंदात पडण्यापेक्षा अक्षरांखाली बारीक छापलेले गुण किंवा टक्के पाहा. ५३ टक्के अंतर्मुख लिहिलं असेल तर तुम्ही मध्यावर आहात, युंगच्या त्या तिसऱ्या, सर्वांत मोठ्या गटात. ९० टक्के असेल तर ते अक्षर बहुधा टिकेल. निकाल एका कागदावर लिहून ठेवा, वर्णन पुन्हा वाचू नका, आणि पाच-सहा आठवड्यांनी तीच चाचणी परत द्या. ताडून पाहा: फिरलेली अक्षरं बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपासचीच निघतील.